द्वारकाच्या वतीनं

हिंमतरावांच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. पुण्याच्या मार्केट यार्डात पाठीवर ज्वारीचं पोतं असलं तरी ह्यांची टकळी चालूच. मुनीम म्हणायचे, "अहो, आधी पोतं उतरवा, मग भाषण करा. दोन्ही एकदम कशाला?" माणूस मनाचा मोठा, पण दुसऱ्याला बोलू देईल तर शपथ! बायको द्वारका वाशिमकडच्या गावी शेत आणि सासू सांभाळायची. हे पोळ्याला आणि दिवाळीला जायचे. बाकी संसार फोनवर, आणि फोनवरही बोलायचे हेच.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात शहरातले डॉक्टर व्हिडिओवरून तपासायला लागले. द्वारकाला हल्ली फार थकवा यायचा, म्हणून नर्स ललितानं तिलाही पडद्यासमोर बसवलं. डॉक्टर तनुजा बसायच्या पुण्यात, कर्वेनगरला. आपल्या बायकोला पुण्याची डॉक्टरीण बघणार म्हटल्यावर हिंमतराव कसले मागे राहतात! ललिताला गळ घालून तेही त्या कॉलवर आले, मागे चार हमाल उभे करून.

"चालताना दम लागतो का?" डॉक्टरांनी द्वारकाला विचारलं.

"दम कायचा लागते, मॅडम!" हिंमतराव म्हणाले. "दोन हंडे घेऊन टेकडी चढते ते!"

"रात्री आडवं पडल्यावर घुसमटतं?"

"छ्या! पडली का घोरते."

हमाल खो खो हसले. "पेशंट कोण, तुम्ही की त्या?" डॉक्टर चिडल्या. "द्वारकाबाई, तुम्ही सांगा."

द्वारकानं डोक्यावरचा पदर सारखा केला. नवऱ्यानं चारचौघांत सांगितलेलं बायकोनं खोडायचं नाही, ही त्या घरची रीत.

"हे म्हणतात तसंच हाये," ती म्हणाली.

रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. हिंमतरावांनी खुशीत सगळ्यांना चहा पाजला.

पुढं काही महिन्यांनी ती पाणी भरताना कोसळली. पुण्याला आणली तेव्हा हृदयाची झडप पार निकामी झालेली. "इतके दिवस कुणालाच काही कळलं नाही?" हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं. काय कळणार, कपाळ! तिला टेकडी चढताना ह्यांनी शेवटचं पाहिलं कधी होतं? थापच होती ती. कौतुकाची, पण थाप.

संध्याकाळी कॉटशेजारी बसून त्यांनी विचारलं, "कधीपासून होते हे?"

"वर्ष झालं. भिंतीले टेकूनच झोपत होती मी."

"मंग त्या दिवशी सांगितलं काहून नाही?"

"तुमी एवढ्या हौसेनं सांगून रायले होते. चार मानसांत तुमाले खोटं कशी पाडू?"

द्वारका त्या दिवसापासून बोलायला लागली. सासूचं दुखणं, पोटातच गेलेलं पोर, एकटीनं काढलेले पावसाळे, सगळं थांबत थांबत, दम खात सांगायची. हिंमतराव मध्ये एक शब्द बोलले नाहीत. आठवडाभरात ती गेली. तिचं अजून कितीतरी सांगायचं राहिलं होतं.