नाल्याकाठचा एरिया क्लिअर

सतरा वर्षं मी सॅपर होतो. सुरुंग पेरणं आणि उचलणं हे काम. हवालदार म्हणून पेन्शनवर माझ्या गावी, सोनगीरला आलो. माझ्या सेक्शनमधला लान्स नाईक भीमराव नशिराबादचा, तोही रिटायर झालेला. नव्वदच्या सुमारास मी त्याला पत्र टाकलं. चौथ्या दिवशी तो होल्डॉल घेऊन हजर. कशाला बोलावलं, हे आल्यावर विचारलं.

नाल्याकडच्या घरांत रानडुकरं शिरत होती. लोकांनी कणकेत गुंडाळलेले गावठी स्फोटक गोळे ठेवायला सुरुवात केली. डुक्कर एकही मेलं नाही, एका गाईचा जबडा मात्र गेला. रोगापेक्षा औषध भयंकर.

भीमराव सकाळभर ठसे बघत फिरला.

"उस्ताद, उकिरडे घरांच्या मागेच आहेत. डुकरं येणारच."

उकिरडे हलवायचे, झुडपं तोडायची, काटेरी कुंपण घालायचं आणि डुकरांची नाल्यात उतरायची वाट मोकळी ठेवायची, असं ठरलं. झुडपात एक मादी पिलांसकट होती. ती निघेपर्यंत आम्ही चार दिवस थांबलो. गाव हसलं. भीमराव म्हणाला, "तिची पोस्टिंग संपू द्या."

पाचव्या दिवशी ०६०० वाजता गोळे उचलायला घेतले. गावातर्फे ते ठेवणारे नाना सत्तरीचे.

"नाना, बठ्ठा कितला?"

"सात शेतस."

जागा त्यांनीच लांबून दाखवल्या. ०८४० ला भीमराव परतला.

"सात, उस्ताद."

"एरिया क्लिअर," मी म्हणालो.

चहा झाला. भीमराव कुंपणासाठी बांधाच्या कोपऱ्यातल्या बाभळी तोडायला गेला. तिथे म्हसोबाचा शेंदरी दगड आहे. ०९१० ला स्फोट झाला.

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. धुळं यायच्या आधीच तो गेला.

परतलो तेव्हा नाना ओट्यावर बसून होते.

"पहिला म्हसोबाले ठेवा व्हता," ते म्हणाले. "देवनं कोन मोजस?"

आमच्या घरीही पहिली कणसं म्हसोबाची, आणि ती पोत्यांच्या मोजणीत धरत नाहीत. लहानपणापासून मला ठाऊक होतं. फौजेत मी नकाशाशिवाय एक पाऊल टाकू दिलं नसतं. गावात तोंडी आकड्यावर भागवलं. नानांचा राग आला नाही, स्वतःचा आला. नंतर तोही येईना.

नशिराबादला भीमरावच्या बायकोने एवढंच विचारलं.

"भाऊ, डुकरं गेली का?"

"गेली, वहिनी."

ते खरं होतं. कुंपण गावाने पुरं केलं. नानांनी उकिरडा स्वतः हलवला. डुकरं त्याच वाटेने नाल्यात उतरतात, घरांकडे वळत नाहीत.

रेजिमेंटच्या शहिदांच्या पाटीवर भीमरावचं नाव नाही. तो पेन्शनर होता. त्याच्या दिवसाला मी दर वर्षी नशिराबादला जातो. फोटोसमोर सावधान उभा राहतो. वहिनी चहा देतात. एरिया क्लिअर कोणी म्हटलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.