परसू पैलवानाची मूठ

परसू पैलवान फटफटीसकट म्हशींच्या डबक्यात गेला, तो माझ्यामुळं. मला कुणाची दया आली की त्या माणसानं सावध राहावं, असं आमच्या घरात उघड बोललं जातं.

खानापुरात मारुतीराव कंत्राटदारांच्या लाकडाच्या वखारीत मी कारकून होतो. कणकुंबीच्या जंगलात वखारीचा तळ होता. एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना आपली फटफटी मारुतीरावांच्या गळ्यात मारली, आणि मारुतीरावांनी ती वखारीतल्या परसूच्या. तळावरच्या माणसांचं टपाल, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या, करवतीची पाती असलं काहीबाही पाठीला बांधून त्यानं जंगलात जायचं आणि तिकडचे निरोप घेऊन परत यायचं. रस्ता म्हणजे बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, त्यात वर आलेली झाडांची मुळं, आणि रस्त्याला कंटाळा आला की मधेच ओढा.

परसूच्या तळहाताला फोड आलेले पाहून मला दया आली. मी फटफटीच्या दोन्ही मुठींवर गोणपाट गुंडाळलं, वर काथ्या करकचून आवळला. मूठ चांगली मुसळाएवढी जाड आणि मऊ झाली. परसूनं ती धरली, आणि निघाल्यावर थोड्या वेळानं त्याला ती सोडताच येईना. कोपरापासून खालचा हात लाकडासारखा ताठला, बोटं मिटली ती मिटलीच. वळण आलं, तशी फटफटी सरळ गेली. डबक्यातल्या म्हशी समजूतदार होत्या. त्यांनी बाजूला सरकून दोघांना जागा दिली.

मी धावत गेलो तेव्हा कणकुंबीचं टपाल पाण्यावर तरंगत होतं, आणि परसू गळ्यापर्यंत चिखलात बसून आपल्या मुठीकडं बघत होता.

"अण्णा," तो म्हणाला, "गोणपाट लई मऊ हुतं."

चिडणं हे त्याच्या अंगातच नव्हतं. मारुतीरावांच्या अंगात मात्र भरपूर होतं. "आणि एकदा पडलास," ते म्हणाले, "तर फटफटी विकून टाकीन आणि तुला वाफ्यात चिखल तुडवायला लावीन. आवडतोय न्हवं तुला?"

परसू मूळचा बेळगावजवळच्या वडगावचा, विणकराच्या घरातला. त्या घरात पैलवान निपजणं म्हणजे चिमणीच्या घरट्यात कोंबडा. बाप भरमाप्पा शहापुरी लुगडी विणणारा. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, वर माग, आणि भरमाप्पाच्या हातून आडव्या धाग्याचा धोटा असा सरसर जायचा की बघणाऱ्याला वाटावं, तो आपला आपणच जातोय. एकुलत्या एका पोराला त्यानं लहानपणीच शेजारी बसवलं. पण परसूची मूठ जन्मजात घट्ट. धोटा फेकायच्याऐवजी तो आवळून धरायचा. फणी ठोकली की उभे धागे तटातट तुटायचे. भरमाप्पानं पुष्कळ दिवस धागे सांधले. शेवटी एकदा त्याला खड्ड्यातून उचलून बाहेर ठेवलं आणि बायकोला म्हणाला, "ह्याचा हात मागाचा न्हाय."

मग परसू तालमीत गेला. तिथं त्याच मुठीचं कौतुक झालं. पहिली कुस्ती मारून फेटा बांधून तो घरी आला, त्या दिवसापासून भरमाप्पा त्याच्याशी बोलायचा थांबला. भांडण नाही, शिवी नाही. बोलायचं असलं की दुसऱ्याच्या तोंडून. "त्याला म्हणावं जेव." "त्याला म्हणावं दार लावून घे." पोराचं नाव त्या घरात बापाच्या तोंडून गेलं ते गेलंच.

हे सगळं परसूनं मला वखारीत फळकुटावर बसून सांगितलं होतं, आणि वर म्हणाला होता, "मला फेटे लई मिळाले अण्णा. मला एकदा त्या खड्ड्यात बसायचंय. आप्पानं बस म्हणावं, बस्स."

डबक्यानंतर त्यानं हात बळकट करायचं ठरवलं. तालमीतल्या वस्तादानं सांगितलं, हात दुखतोय म्हणजे कमी पडतोय, आणि त्याला मुद्गल फिरवायला लावलं. हात आणखी फुगले. आणि गंमत अशी की जितके फुगले तितके लवकर भरून यायला लागले. आधी वाटेवरच्या जांबोटीपर्यंत जाणारा परसू आता त्याच्या अलीकडंच बोटं उघडेनात म्हणून थांबायला लागला. दोन्ही हात पुढं धरून तो रस्त्याच्या कडेला उभा राहायचा. येणारे-जाणारे गाडीवान विचारायचे, "काय पैलवान, भीक घालू का?"

एका रविवारी तो फटफटी घेऊन वडगावला निघाला आणि मलाही मागं बसवलं. दारात बायाक्का, म्हणजे त्याची आई, आली. तिनं त्याचे हात बघितले आणि ओरडली, "आगं बया! हे काय झालं रं?"

आतून मागाचा आवाज थांबला. भरमाप्पा खड्ड्यातून वर आला. काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस. तो परसूकडं न बघता माझ्यासमोर बसला.

"तुम्ही वखारीतलं?"

"होय."

"त्याला म्हणावं, हात हिकडं कर."

परसू हातभर अंतरावर बसला होता. मी तरीही म्हणालो, "परसू, हात इकडं कर." म्हाताऱ्यानं त्याच्या कोपराखाली अंगठा रुतवून बघितला. मग उठून गल्लीत गेला. फटफटीभोवती पोरं जमली होती, ती हाकलली. धोतर वर खोवलं आणि गडी चक्क फटफटीवर चढून बसला! गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. भरमाप्पाला त्याचं काही नव्हतं. त्यानं पाय टेकायच्या जागी पाय टेकले, गुडघ्यांनी टाकी दाबून बघितली, मुठी धरल्या, सोडल्या, पुन्हा धरल्या. डोळे मिटून जरा वेळ तसाच बसला, मागावर बसल्यासारखा.

"ह्यो दांडा लई वर हाय," तो मला म्हणाला. "मनगाट मोडतंय. खाली घ्या, हात कोपरापासनं सरळ गेला पायजे. आन् त्याला म्हणावं, माग काय हातानं चालतोय व्हय? पायानं चालतोय. समदा भार पायावर, गुडघ्यात धर, खड्डा आला की पायावर हुबा ऱ्हा. हातानं निस्तं सांगायचं, हिकडं चल, तिकडं चल. वढायचं न्हाय."

"आणि गोणपाट?" मी विचारलं.

"कुणी गुंडाळलं हुतं?"

मी विषय बदलला.

मग तो आत गेला आणि लुगड्याचा बारीक धागा घेऊन आला. परसूच्या दोन्ही हातांवर, कोपराच्या चार बोटं खाली, त्यानं तो बांधला. सैल नाही, रुतणाराही नाही. गाठ मारताना म्हातारा पोराच्या हाताला बराच वेळ धरून होता, असं मला वाटलं. पण बोलला माझ्याशीच.

"त्यानं मूठ आवळली की हात फुगंल. हात फुगला की धागा तुटंल. तुटला की थांबायचं. हात झाडायचं, श्वास सोडायचा, नवा धागा बांधायचा, मग म्होरं जायाचं."

परसूनं खाली मान घालून "व्हय आप्पा" म्हटलं. म्हाताऱ्यानं ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

त्यानंतर परसू खिशात धाग्याची गुंडी ठेवून हिंडायला लागला. सुरुवातीला खानापुरापासून जांबोटीपर्यंत रस्ताभर त्याचे तुटलेले धागे पडत. जांबोटीच्या नागुबाई चहावालीला तो कुठल्यातरी पीराचा गंडा वाटला आणि तिनं आपल्या दम्यासाठी एक मागून घेतला. परसूनं दिला. तिला गुण आला म्हणे. नांगरणीतल्या बैलांना बांधायला म्हणूनही लोक धागे मागू लागले, आणि हा "बापाचा हाय" एवढंच सांगून देत सुटला. लोकांचा विश्वास त्यानं आणखीच बळावला.

हळूहळू धागे कमी तुटायला लागले. उभं राहून, गुडघ्यात टाकी धरून, कोपरं जरा फाकवून तो मुळांवरून जायचा, तेव्हा खालची फटफटी तापलेल्या घोड्यासारखी उड्या मारत असायची आणि वर हात मात्र ताकाच्या लोट्यावर ठेवल्यासारखे. तालमीत मात्र त्याची पकड सुटायला लागली. एका हलक्या गड्यानं त्याला चीत केलं. वस्ताद हळहळले. हा मात्र हसत वखारीत आला आणि माझ्यासमोर हात धरला. कणकुंबीला जाऊन आला तरी सकाळचाच धागा शाबूत होता.

मी मुद्दाम वडगावला जाऊन भरमाप्पाला सांगितलं. म्हातारा फणी ठोकत होता. थांबला नाही. ठोकता ठोकता म्हणाला, "खंडेनवमीला मागाची पूजा हाय. त्याला म्हणावं, ये. दसऱ्याला बसू दे मागावर. बघू."

परसूला हे सांगितलं. तो नुसता वखारीमागच्या विहिरीवर जाऊन पुष्कळ वेळ हात धूत बसला.

खंडेनवमी आठवड्यावर आली होती. मी लाकूड मोजायला कणकुंबीच्या तळावर गेलो होतो आणि परसू टपाल घेऊन आला होता. एवढ्यात लाकडाच्या लॉरीतून त्याचा चुलतभाऊ जोतिराम उतरला. त्याचं तोंड बघूनच परसू उभा राहिला.

"काल सांजच्याला आप्पा मागावरच कलंडला," जोतिराम म्हणाला. "एक अंग गेलंय. शुद्धीत हाय. तुला बोलिवतोय. बिगी बिगी चल."

लॉरीला लाकूड भरायला वेळ होता. परसूनं फटफटीला लाथ मारली. मी मागं बसलो. पाऊस सरत आला होता, पण चाकोऱ्यांत चिखल होता.

तळ मागं पडायच्या आतच त्याच्या उजव्या हातावरचा धागा तुटला. मी बघितला. थोड्या वेळानं डावाही तुटला.

"परसू, धागा तुटला रे."

त्यानं वेग आणखी वाढवला.

"थांब जरा. हात झाड."

"थांबायला येळ न्हाय!"

त्यानं मुठी आवळल्या होत्या. खांदे कानाला लागले होते. खड्ड्यावर उभा राहीना, बसूनच धक्के खात होता. इतक्या महिन्यांत शिकलेलं सगळं त्या एका निरोपानं काढून घेतलं, आणि फटफटीवर पुन्हा तोच डबक्यातला परसू बसला होता. मी पाठीवर हात ठेवून "पायावर ये, पायावर ये" म्हणत राहिलो. ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

जांबोटीच्या अलीकडच्या ओढ्यात फटफटी बंद पडली. क्लच दाबायला त्याची बोटं उघडलीच नाहीत. मी ती एकेक करून सोडवली. त्याला ओढून काठावर बसवलं आणि त्याचे हात चोळायला लागलो. दगड चोळावा तसे. तो मुठी वळायला बघत होता, वळत नव्हत्या. उघडायला बघत होता, उघडत नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर टाकून तो मोठ्यानं रडायला लागला. त्या गड्याला मी आखाड्यात तोंडाला रक्त आलं तरी हसताना बघितलं होतं. कडेनं एक गाडीवान चालला होता, त्यानं गाडी थांबवली, विचारलं काही नाही, नुसता खाली उतरून दुसरा हात चोळायला बसला.

हात मोकळे व्हायला लागला तेवढा वेळ लागला. पुढं परसू सावकाश, नीट, बापानं सांगितलं तसा चालवत गेला. पिरनवाडी आली, शहर आलं, वडगाव आलं.

गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. आम्हाला बघून ती बाजूला झाली, आणि काय झालंय ते तेवढ्यावरनंच कळलं.

बायाक्का भिंतीला टेकून बसली होती. परसूला बघून ती म्हणाली, "आत्ताच रं. हात अजून ऊन हाय बघ." आणि मग, "परसू आला का, परसू आला का, म्हणत हुता. नाव घेऊन इचारत हुता."

परसूनं बापाचा हात हातात घेतला. त्या दिवशी तो कुणालाही तो हात सोडवू देईना.

ओढ्यावर थांबलो नसतो तर पोचलो असतो का, हा हिशोब मी पुष्कळदा घातला आहे. आधी थांबलो असतो तर, असाही घातला आहे. परसूनं तो माझ्यासमोर कधी घातला नाही. मीही विचारायचं धाडस केलं नाही.

सुतकात दसरा गेला. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं. हिरवं अंग, तांबडा काठ. पुढं एका सकाळी परसू खड्ड्यात उतरला आणि ते विणायला बसला. वखारीतून सुट्टी घेऊन मी बघायला गेलो होतो. धोटा सरसर जात नव्हता, पण जात होता. पाय खाली चालत होते, हात वर सैल होते. मी बसलो होतो तोवर एकही धागा तुटला नाही. बायाक्का दारात उभी राहून बघत होती, आणि बघवेना तेव्हा आत गेली.

लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, मारुतीरावांनी फटफटी विकून टाकली. परसू कायमचा मागावर बसला. त्यानं विणलेली लुगडी शहापूरच्या पेठेत चांगली जातात, असं मी ऐकत होतो. गेल्या वर्षी, बऱ्याच दिवसांनी, मी त्याच्याकडं गेलो. चहा पिता पिता त्यानं पेटीतून ते पहिलं लुगडं काढून दाखवलं. घडी अजून कोरी होती. मी उजेडात धरून पुष्कळ बघितलं. बापाचं कुठं संपलं आणि पोराचं कुठं सुरू झालं, मला काही दिसेना.

"अरे, मग हे ठेवून का दिलंस?" मी म्हणालो. "विकायचं होतंस. इतकं एकसारखं आहे, कुणाला कळलं नसतं."

परसूनं लुगड्याची घडी घातली आणि म्हणाला, "आप्पाला कळलं असतं."