खटक्याची पेने आणि मागची खोली

चार माणसे एका टेबलाशी बसून एकच काम वारंवार चुकवीत असली, की किस्से आपोआप जमत जातात. जे काम बिनचूक करतात त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही, असा माझा अनुभव आहे. आमच्याजवळ मात्र पुष्कळ उरले आहे.

आमचे काम असे. लाकडाच्या तुकड्यात पितळी नळी बसवायची, तो तुकडा लेथवर गोल करायचा, तयार मिळणाऱ्या किटमधले खटक्याचे भाग दाबून बसवायचे, की खटक्याचे पेन तयार होते. शेवटी आत रिफिल घालायची. लोकांना रिफिल ही क्षुल्लक वस्तू वाटते. वास्तविक सारे तिच्यावर अवलंबून असते. ती किंचित आखूड असली तर खटका दाबूनही टोक बाहेर येत नाही; किंचित लांब असली तर बाहेर आलेले टोक आत जात नाही.

कन्नड मुलखातल्या या शहराच्या हेब्बाळ भागात आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहामागे एक खोली आहे, तिथे हे चालते. अण्णा जाधव लेथ चालवतात, देवधर मोजमापे घेतात, शुभदा सामान मागवते आणि तिघांनी मिळून जे काही केले असेल त्यात रिफिल मी बसवते. बसली नाही तर पेन परत करते. त्यामुळे माझ्याविषयी तिघांचे मत काय आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे.

*

लेथ मुळात अण्णांच्या घरी होता. अण्णांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी या गावात आले. त्यांचे मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते, हे त्यांनाही सांगता येत नाही.

एकदा एक जेल रिफिल लांब निघाली. लांब रिफिल परत करून आखूड आणावी, हा सरळ मार्ग होय. अण्णा मला म्हणाले, “कशाला अक्का? स्वल्प कापलं की सरी!” म्हणजे थोडे कापले की झाले. आणि घरी जाऊन, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसून, त्यांनी रिफिलीचे मागचे टोक नेलकटरने कापले. शाईला बाहेर येण्यास तेवढी वाट पुरेशी असते.

अण्णांची सून सभ्य आहे. आवाज चढवून बोलत नाही. तिने सोफ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “मामंजी, या घरात एक तर सोफा राहील, नाहीतर लेथ राहील. काय ते तुम्हीच सांगा.”

अण्णांनी विचार करायला मुदत मागितली.

संध्याकाळी टेम्पो आला, आणि लेथ मंडळाच्या खोलीत आला. पुढे कधी ही खोली सुटली तर लेथ परत घरी येणार नाही, परस्पर भंगारवाल्याकडे जाईल, हेही सूनबाईंनी त्याच वेळी सभ्यपणे सांगून ठेवले.

*

देवधर हे एका सरकारी कारखान्याच्या विमान विभागातून निवृत्त झालेले इंजिनियर. लाकूड हाती घेण्याआधी ते त्याचे तीन बाजूंनी चित्र काढतात. नळीचे तोंड सपाट करताना नेमके किती घासावे, याचे त्यांनी गणित मांडले, गणित दोनदा पडताळले आणि त्याप्रमाणे नको तितके घासले. पेन आखूड झाले. टोक कायमचे बाहेर राहिले. उघडले तरी लिहिणार, मिटले तरी लिहिणार.

मी ते परत केले. देवधर म्हणाले, हा दोष नसून सोय आहे, आणि ते पेन खिशाला लावून हिंडू लागले. थोड्याच दिवसांत त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली एक निळा डाग दिसू लागला.

एका शनिवारी सौ. देवधर पिशवी घेऊन आल्या. त्यांनी सगळे शर्ट आमच्या टेबलावर ओळीने पसरले, नवऱ्याकडे पाहिलेही नाही, आणि मला विचारले, “मालतीबाई, मी आपली सहज विचारते. यांच्या विमानांची चाकं आत जात होती का हो?”

देवधर शर्टांच्या घड्या घालू लागले. ती माहिती गोपनीय असावी.

*

शुभदा बेळ्ळंदूरला एका आयटी कंपनीत आहे. ती पुण्याहून आलेली. सर्व काही फोनवर चित्र पाहून मागवते. एकदा तिने मागवलेल्या रिफिली लांबीला, जाडीला तंतोतंत निघाल्या. मला बोट ठेवायला जागा नव्हती. कागदावर ओढून पाहिले, तो शाई हिरवी!

“काकू, फिटिंग परफेक्ट आहे ना? मग झालं तर. कलर सेकंडरी आहे.”

मी विचारले, शाई जर दुय्यम, तर पेनात मुख्य ते काय?

“क्लिक,” ती म्हणाली.

त्यातले एक पेन मंडळाचे अध्यक्ष रंगराव यांच्या हाती पडले. रंगराव राज्य सरकारातले राजपत्रित अधिकारी होते. हिरवी शाई हा त्यांचा एके काळचा अधिकार. निवृत्तीनंतर त्यांनी निळ्या शाईवर दिवस काढले होते. त्यांनी खटका दाबला, एक सही केली, आणि त्यांची पाठ ताठ झाली. दुसऱ्या दिवसापासून मंडळाच्या फलकावरील प्रत्येक सूचनेखाली “पाहिले” असा हिरवा शेरा उमटू लागला. सुविचाराखालीसुद्धा!

फलकाचे एक वेळ चालेल. पण त्यांच्या पत्नीने मला सांगितले, की दिवाळीच्या वाणसामानाची यादी या बाईंनी लिहून टेबलावर ठेवली होती. दुकानात गेल्यावर पाहतात, तो खाली हिरव्या शाईत शेरा आणि पूर्ण सही: “काजू वगळून मंजूर.”

*

शुभदा एक पेन ऑफिसच्या कामासाठीही वापरते. तिची मीटिंग संगणकावर भरते. प्रत्येक जण आपापल्या घरी. तिच्या साहेबांनी ग्राहकाला आश्वासन दिले, की शुक्रवारपर्यंत काम नक्की पूर्ण होईल. त्यावर आवाज आला, टक्.

नागपूरकडचा एक सहकारी म्हणाला, पाल चुकचुकली, आता शुक्रवारचे काही खरे नाही. साहेबांनी पुन्हा आश्वासन दिले. पुन्हा टक्. मग ज्याला त्याला वाटू लागले, की पाल आपल्याच खोलीत आहे. कोणी पाय वर घेतले, कोणी कपाट हलवून पाहिले. साहेबांनी तर दुसऱ्या दिवशी घरात औषध फवारणारी माणसे बोलावली.

“मग तू खरे सांगितलेस ना?” मी विचारले.

“कसं सांगणार काकू? त्या पालीच्या नादात शुक्रवारचा सोमवार झाला.”

*

सायली मॅडम कोरमंगलात योगाचे वर्ग घेतात. आमच्या बाजूला त्यांना एक जागा हवी होती आणि त्यांनी मागच्या खोलीची मागणी केली. कार्यकारिणीतील बहुतेकांचे गुडघे दुखतात. सर्वांना ती मागणी रास्त वाटली. रंगरावांनी आम्हांला तसे स्पष्ट सांगितले. अण्णांनी लेथला तेल दिले, जे आदल्याच आठवड्यात दिलेले होते.

पुढच्या शनिवारी मॅडम खोली पाहायला यायच्या होत्या. त्या येण्याच्या जरा आधी अण्णांच्या बोटांतून पेनाची स्प्रिंग उडाली. ही स्प्रिंग रिफिलीच्या टोकावर बसते. ती नसेल तर टोक मागे येणार कशाच्या जोरावर? आणि जवळ दुसरी नव्हती. आम्ही चौघेही जमिनीवर ओणवे होऊन शोधू लागलो. चौघेही म्हणजे मीसुद्धा. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मॅडम दारात येऊन थबकल्या. त्यांचा चेहरा उजळला. “वॉव, मार्जारासन! आजी, पाठ अजून थोडी वर. आता सावकाश श्वास सोडा.”

टेबलाखालून अण्णांचा आवाज आला. “कोणी श्वास सोडू नका. स्प्रिंग उडेल.”

*

कार्यकारिणीने ठरवले, की रविवारी सकाळी मॅडमनी सभागृहात एक प्रात्यक्षिक द्यावे आणि ते संपल्यावर खोलीचा ठराव मांडावा. ठराव संमत होणार, याविषयी कोणालाही शंका नव्हती. अण्णांनी मला विचारले, की भंगारवाला लेथ उघडून तुकड्या-तुकड्याने नेतो, की अख्खा नेतो?

आमच्या हाती एकच गोष्ट होती. कार्यकारिणीच्या प्रत्येक सभासदाला आमचे एकेक पेन द्यायचे, म्हणजे या खोलीत काय होते ते त्यांना निदान कळेल. ही लाच ठरते का, असा प्रश्न देवधरांनी उपस्थित केला. “लाच कसली हो? सँपल!” अण्णा म्हणाले. रिफिली मी स्वतः निवडून बसवल्या. खटका असा जुळला होता, की एकदा दाबल्यावर अंगठा तिथून हलू नये.

रविवारी प्रात्यक्षिकापूर्वी आम्ही पेने वाटली. मग सगळे सतरंज्यांवर आडवे झाले. मी खुर्चीवर बसले आणि डोळे मिटण्यास नकार दिला, म्हणून पुढचे मला दिसले.

“शवासन,” सायली मॅडम मृदू आवाजात म्हणाल्या. “शरीर सैल सोडा. बाहेरचा कुठलाही आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाहीये.”

टक्.

“पोहोचला तरी आपण तो सोडून द्यायचा.”

टक् टक्. भिंतीकडच्या रांगेतून त्याला उत्तर आले. मग खजिनदारांच्या बाजूने. रंगरावांचे डोळे मिटलेले होते, चेहरा तृप्त होता आणि अंगठा एका लयीत चालला होता. पूर्वी फायली याच लयीत हातावेगळ्या होत असाव्यात.

मॅडम उठल्या. चेहऱ्यावरचे हसू ढळू न देता रांगेरांगेतून फिरल्या आणि प्रत्येकाच्या मुठीतून पेन काढून घेतले. रंगरावांची मूठ त्यांना जरा जोर लावून उघडावी लागली. सगळी पेने ओटीत घेऊन त्या समोर पद्मासनात बसल्या.

“आता कोणाच्याही हातात काही नाही. आता फक्त शांतता.”

आणि खरोखरच शांतता पसरली. पंखा तेवढा फिरत होता. अण्णा माझ्या पायाशीच उताणे पडले होते. त्यांच्या पापण्या थरथरत होत्या. देवधर बहुधा झोपले होते. शांतता इतकी उत्तम होती, की आता ठराव एकमताने होणार, हे मला दिसू लागले.

टक्.

कोणीही हलले नाही. हात सर्वांचे रिकामे होते.

टक् टक्.

मी समोर पाहिले. सायली मॅडमची पाठ ताठ, डोळे मिटलेले, डावा हात ज्ञानमुद्रेत. उजवा हात ओटीत होता.

टक्.

अण्णांनी शवासन मोडले नाही. डोळेही उघडले नाहीत. “मॅडम,” त्यांनी हळूच विचारले, “तुम्हांला सागवानी पाहिजे का शिसवी?”

टक्.

“शिसवी,” सायली मॅडम म्हणाल्या. “आणि मला ते तुमच्या लेथवर स्वतः करायचंय.”