कुंपणापलीकडचे ठिपकेवाले किडे

आमच्या साबुकंदाची पानं मुठीसारखी आवळलीयेत! पांढऱ्या पिठ्या ढेकणांनी सगळा रस शोषलाय. आईला उपासाला घरचा साबुकंद उकडून द्यायचा होता, पण उपटून पाहिलं तर कंद बोटाएवढे! आणि कुंपणापलीकडे मेधाकाकूचा साबुकंद हिरवागार. काळ्या ठिपक्यांचे लाल किडे तिच्या पानांवर फिरतात आणि पिठ्याला खाऊन टाकतात. इतकं जळायला होतं ना!

"ने की चार," म्हणत काकूनेच पानासकट किडे दिले. माझा चहा होईपर्यंत सगळे उडून परत तिच्याकडे!

"अगं, परवाच औषध फवारलंस ना? कोण थांबेल तिथे?" काकू हसली.

आमची मांजरही तिच्याच ओट्यावर झोपते. आता किडेसुद्धा!