रुखवतातलं बंदर

बाबा,

मी जर्मनीला निघाले तेव्हा विमान मुंबईहून होतं, म्हणून आदल्या दिवशी आपण ठाण्याला मंजूताईकडे उतरलो. तिच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, माझं चित्र टांगलेलं होतं. चहा देताना तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सूनबाईंनी काढलंय हो. फ्रान्सचं बंदर आहे." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि म्हणालात, "सुंदर."

बारावीच्या सुट्टीत मालवणच्या घरी काढलं होतं मी ते. जुन्या कॅलेंडरवर कुणा फ्रेंच चित्रकाराचं बंदर होतं: राखाडी आभाळ, ओला धक्का, माणसांच्या जागी नुसते ठिपके. दीड महिना मी त्यावर मान मोडून बसले. मग कोल्हापूरच्या काकांच्या मंजूताईचं लग्न ठरलं. रुखवतात मांडायला तिने हाताने केलेलं काहीच नव्हतं. तोरणसुद्धा आत्याने विणलेलं. माझं चित्र कोल्हापूरला गेलं आणि त्याच्यावर तिच्या नावाची चिठ्ठी लागली. मी रडले तर तुम्ही म्हणालात, "घरातल्या घरात कसलं तुझं-माझं?"

इथे स्टुटगार्टला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कोणी काढलं आणि कोणी तपासलं हे लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. त्या चौकटीत पहिल्यांदा माझं नाव बघितलं तेव्हा आधी तुमचा राग आला. आनंद नंतर झाला.

एका रविवारी इथल्या म्युझियममध्ये ते मूळ चित्रच समोर आलं आणि माझी चूक दिसली. कॅलेंडरवर होड्या पुसट होत्या, म्हणून मी त्यांना आपल्यासारखी उलांडी लावली होती. होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ते लाकूड. फ्रान्सच्या बंदरात मालवणची उलांडी! मी एकटीच हसत सुटले, आणि हसता हसताच ठरवलं.

या मे महिन्यात मंजूताई सासूबाईंना घेऊन युरोप टूरला आली. सासूबाईंना मी काकूच म्हणते. दोन दिवस दोघी माझ्याकडे राहिल्या. मी पुरणपोळ्या केल्या, गोड बोलले, आणि म्युझियमला नेलं.

"अगं, हे तर आपलंच!" काकू केवढ्याने तरी ओरडल्या. मग जवळ गेल्या. "पण होड्यांच्या बाजूच्या काठ्या कुठे गेल्या?"

"मंजूताईला विचारा."

कोल्हापुरात वाढलेल्या मंजूताईला उलांडी कुठून ठाऊक असणार? ती पर्समध्ये चष्मा शोधत राहिली. मग काकूंना उलांडी मीच समजावली, अगदी सावकाश.

"म्हणजे ते तू काढलंस?"

"गेनाऊ," तोंडातून निघून गेलं. मग नीट मराठीत सांगितलं, "हो काकू, मीच."

मंजूताईचा चेहरा उतरला. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. खूप बरं वाटलं. मग दोघींना केक खायला घातला.

परवा तुमचा फोन आला. "पोरीच्या संसारात विष कालवलंस," म्हणालात, आणि फोन ठेवता ठेवता, "गणपतीला ये." मंजूताईवरचा माझा राग त्या म्युझियममध्येच फिटला. तिने चित्र घेतलं, पण दिलं तुम्ही. इथे कोणी विचारलं की मी अजून सांगते, माझं घर मालवणला आहे. हल्ली सांगताना जीभ अडखळते. माझ्या बाजूने जिथे कोणी एक शब्द बोललं नाही, त्याला घर तरी का म्हणायचं?

येईन गणपतीला. आधी तुम्ही ठाण्याला जा. त्या सोफ्यावर बसा आणि काकूंना तुमच्या तोंडाने सांगा, "हे माझ्या मुलीने काढलंय." सांगितलंत हे मला काकूंकडून कळू दे. मग मी तिकीट काढते.