सोमेशनं मोकळी केलेली जागा

मुरुमच्या बाजारात शिवलिंगप्पांचं बैलांच्या साजाचं दुकान आहे. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा. त्यांचा मुलगा सोमेश दुकानात कधी रमला नाही. सोलापुरात त्यानं कंप्युटरचं शिक्षण घेतलं, तिथंच एका कंपनीत नोकरी केली आणि आईची तब्येत ढासळली तसा गावी परतला. गावात या शिक्षणाचं तो काय करणार, असं सगळे विचारत असतानाच उत्तरेश्वर सरांनी त्याला बोलावून घेतलं.

उत्तरेश्वर सर निवृत्त शिक्षक. त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेली माणसं एकेक करून जायला लागली, तेव्हा त्यांनी एक छोटी संस्था काढली. शिवांजली नावाची मुलगी सास्तूर भागात गावोगाव फिरायची, म्हाताऱ्या माणसांपाशी तासन्‌तास बसायची आणि त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायची. त्या आठवणी जपून ठेवायचं काम सोमेशकडं आलं.

संस्थेला देणगीत एक सर्व्हर मिळाला होता. सोमेशनं त्या एका यंत्राच्या पोटात चार आभासी कंप्युटर बसवले. एकात ग्रंथालय, एकात वेबसाइट, एकात प्रशिक्षणाचे व्हिडिओ आणि एकात या आठवणी. बाहेरून बघणाऱ्याला चार वेगळी यंत्रं वाटावीत, आत मात्र डिस्क सगळ्यांची एकच. सरांना हे इतकं भारी वाटलं की येणाऱ्या पाहुण्याला ते आधी सर्व्हरची खोली दाखवायचे. शिवलिंगप्पाही गिऱ्हाइकाला कासरा मोजून देता देता सांगायचे, "भूकंपाचं सगळं आमच्या सोमेशच्या हातात हाय बघा."

शिवांजलीचा जीव मात्र धास्तावलेला असायचा. एकदा ती म्हणाली, "दादा, रेकॉर्डरमधलं पुसायच्या आधी मी माझ्याकडं एक कॉपी ठेवत जाऊ का?"

"कशाला? दहा ठिकाणी पसारा झाला की कुणाचा कुणाला मेळ लागत नाही. सर्व्हरवर सगळं दोन ठिकाणी राहतंय. तुम्ही निर्धास्त पुसा."

तिनं त्याचं ऐकलं.

सोमेश खोटं बोलला नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. पण त्यानं बॅकअपसाठी जी दुसरी जागा नेमली होती, ती आठवणींच्या त्याच कंप्युटरमधलं दुसरं फोल्डर होतं. वेगळी डिस्क आली की बदलू म्हणून त्यानं ते तात्पुरतं केलं आणि मग विसरला. चारही कंप्युटरांना त्यानं मोठमोठी जागा लिहून दिली होती. चौघांची बेरीज केली तर खऱ्या डिस्कमध्ये मावणार नाही इतकी. असं पुष्कळ जण करतात, कारण सगळे एकदम सगळी जागा वापरत नाहीत. फक्त लक्ष ठेवावं लागतं. डिस्क भरत आल्याचे इशारे येत होते, पण ते ज्या ईमेलवर जात होते ते त्यानं उघडणंच सोडलं होतं.

त्यात आणखी एक राहून गेलं होतं. संक्रांतीच्या सुमारास आठवणींच्या कंप्युटरवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं होतं. काही बिघडलं तर मागं येता यावं म्हणून सोमेशनं आधी त्याचा स्नॅपशॉट घेतला. स्नॅपशॉट घेतला की जुनी डिस्क तिथंच गोठते आणि त्यानंतरचं सगळं नव्या फाइलमध्ये जमत जातं. काम झालं की ती फाइल जुनीत मिसळून टाकायची असते. सॉफ्टवेअर नीट चढलं. मिसळायचं राहिलं.

उन्हाळा संपता संपता एका सकाळी चारही कंप्युटर एकदम थांबले. डिस्क काठोकाठ भरली होती. सर दारात उभे राहिले. "सोमेश, धाराशिवहून पाहुणे येणार आहेत. होईल ना दुपारपर्यंत?"

"होतंय सर."

खरं तर त्यानं तेव्हा हात आवरायला हवे होते. पण सरांसमोर आपल्याला काही सुचत नाही असं दिसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. सगळ्यात जास्त जागा कशानं खाल्ली ते त्यानं शोधलं. विचित्र आकड्यांच्या नावाची एक भलीमोठी फाइल दिसली. त्या जुन्या स्नॅपशॉटचा कचरा राहिला असेल, असं म्हणून त्यानं ती पुसली. तरी जागा मोकळी होईना. मग त्यानं आठवणींचा कंप्युटर बंद केला. लगेच भरपूर जागा मोकळी झाली आणि सोमेशला हायसं वाटलं. तो कंप्युटर पुन्हा उठेना, तेव्हा सेटिंगमध्ये जुन्या डिस्कचं नाव घालून त्यानं तो उठवला. पाहुणे आले, सरांनी खोली दाखवली, चहा झाला.

संध्याकाळी शिवांजली त्याच्या टेबलाशी आली. "दादा, संक्रांतीनंतरचं एकही रेकॉर्डिंग दिसत नाहीये."

सोमेशच्या तेव्हाच ध्यानात आलं. ती फाइल कचरा नव्हती. संक्रांतीपासूनचं सगळं, बॅकअपच्या फोल्डरासकट, तिच्यातच होतं.

पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "लाइट सारखी ये-जा करते ना. डिस्कला झटका बसलाय. बघतो मी."

त्याला आयुष्यभर टोचत राहील ते हे वाक्य. कारण शिवांजलीनं ते खरं मानलं आणि सरांनीही. दुसऱ्या दिवशी सर वीज कार्यालयात जाऊन तिथल्या माणसांना चांगलंच बोलून आले. परत आल्यावर सोमेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझा काय दोष?"

त्यानं लातूरला इंद्रजितला फोन लावला. सोलापूरच्या नोकरीत दोघं एका खोलीत राहायचे. इंद्रजितनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फाइल पुसल्यावर जागा मोकळी झाली नव्हती ना?"

"नाही. कंप्युटर बंद केल्यावर झाली."

"मग पुसली तेव्हा ती गेलीच नव्हती, सोम्या. त्या कंप्युटरनं धरून ठेवलेली होती. तू बंद केलास तेव्हा गेली. आणि त्यानंतर तो दिवसभर चालवलास, त्याच जागेवर नवीन लिहिलं गेलं."

इंद्रजितच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. सोमेशला वाटलं, यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्याला हायसं वाटलं होतं नेमकं त्याच क्षणी सगळं गेलं, हे त्याला आता कळलं होतं.

दोघांनी मिळून डिस्क तपासायला घेतली. हाती आले ते तुकडे. कुणाचं अर्धं वाक्य, कुठं बकरी ओरडल्याचा आवाज, कुठं नुसती खरखर. ते काम चाललेलं असतानाच शिवांजली हलक्या आवाजात म्हणाली, "बाकीचे लोक पुन्हा सांगतील हो. सास्तूरच्या धुरपदाबाईंचं तेवढं बघा. त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या." त्या तुकड्यांत धुरपदाबाईंचा एक शब्दही नव्हता.

तेव्हा सोमेश उठला आणि सरांच्या खोलीत गेला. "सर, विजेचा काही संबंध नव्हता. फाइल मी पुसली. बॅकअपसुद्धा नव्हता. मी नीट लावलाच नव्हता."

सर चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "मी त्या लोकांना नाही नाही ते बोललो, सोमेश." माफी मागायला ते वीज कार्यालयात एकटेच गेले. सोमेशनं बरोबर येतो म्हटलं, तर हातानंच नको म्हणाले.

दुरुस्ती मात्र सोमेशनं यावेळी घाई न करता केली. बॅकअपसाठी वेगळं यंत्र आणलं आणि ते दुसऱ्या इमारतीत ठेवलं. चौघांना लिहून दिलेली जागा खऱ्या डिस्कमध्ये मावेल इतकी केली, व्हिडिओ दुसरीकडं हलवले. वेबसाइटच्या कंप्युटरचाही एक स्नॅपशॉट तसाच पडून होता. इंद्रजितला फोनवर धरून तो रीतसर मिसळला. डिस्क भरत आल्याचा इशारा सरांच्या आणि शिवांजलीच्याही फोनवर जाईल असं केलं, कारण स्वतःवर त्याचा भरवसा उरला नव्हता.

मग तो सास्तूरला गेला. शिवांजली म्हणाली, मी सांगते त्यांना. तो म्हणाला, नको, मीच सांगतो. ती बरोबर मात्र आली.

धुरपदाबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. भूकंपात त्यांची थोरली लेक गेली आणि धाकटा मुलगा वाचला, एवढं अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्या रात्री नेमकं काय झालं, हे त्या कुणाला सांगत नसत.

सोमेश खाली बसला. "आजी, तुम्ही शिवांजलीताईंपाशी जे बोललात, ते माझ्या हातून पुसलं गेलं. चूक माझी आहे. सगळी माझीच."

धुरपदाबाईंचे हात थांबले. "समदं?"

"व्हय आजी."

"म्या ते आरोहीसाठी बोलले व्हते." आरोही म्हणजे वाचलेल्या मुलाची मुलगी, पुण्यात शिकायला होती. "तिला आत्याचं लई इचारायचं असतंय. तिच्या तोंडावर मला सांगता येईना. म्हणून म्हनलं, यंत्रात सांगावं, तिनं माझ्यामागं ऐकावं." मग त्यांनी विचारलं, "तू ऐकलं व्हतंस का?"

सोमेशला खोटं बोलता आलं असतं. "न्हाय आजी. म्या एकही ऐकलं न्हाय. मी नुसतं ठेवत होतो."

"मग काय गेलं ते तुला तरी कसं कळावं, लेका?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच सोमेशला मान वर करता येईना. शिवांजलीनं हळूच विचारलं, "आजी, पुन्हा एकदा बोलाल का?"

"न्हाय बाई. एकदा बोलले, मग कितीक दिवस अन्न गोड लागलं न्हाय. आता न्हाय व्हायचं." त्या पुन्हा तूर निवडू लागल्या. चहा घेतल्याशिवाय मात्र त्यांनी दोघांना उठू दिलं नाही.

त्या दिवशी तो घरी न जाता थेट दुकानात गेला. शिवलिंगप्पा कुणाला तरी नेहमीचंच कौतुक सांगत होते. गिऱ्हाईक गेल्यावर सोमेशनं त्यांना सगळं सांगितलं. त्यानंतर दुकानात त्यांनी पोराचा विषय काढणं बंद केलं. सोमेशनं त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

नोकरी टिकली. सरांनी त्याला काढलं नाही, पण पाहुण्यांना सर्व्हरची खोली दाखवायला ते आता नेत नाहीत. शिवांजली रेकॉर्डिंगची एक कॉपी स्वतःपाशी ठेवते आणि तसं त्याला न सांगता ठेवते. त्याला ते माहीत आहे. बॅकअप चालतोय का हे बघायला सोमेश दर महिन्याला त्यातून एखादी आठवण परत काढतो. फाइल उघडली एवढ्यावर तो थांबत नाही. कानाला हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकतो. पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा एक म्हातारा मातीखालून येणाऱ्या हाकांबद्दल सांगत होता. सोमेशला मध्येच उठून बाहेर जावं लागलं होतं.

दिवाळीत आरोही सास्तूरला येऊन गेली, असं शिवांजली म्हणाली. आजीनं तिला काही सांगितलं की नाही, हे विचारायचं सोमेशच्या ओठांवर आलं होतं. पण ते विचारायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही असं वाटून त्यानं नुसती मान हलवली आणि स्क्रीनकडं वळला.