कोरडा कान

मी सात-आठ वर्षांची असताना माझा डावा कान फुटला आणि पुढे पंचवीस वर्षं वाहत राहिला. पेणजवळच्या खाडीकाठच्या आमच्या गावात कान फुटला म्हणून कोणी दवाखान्यात नेत नसे. आई कोमट तेल घालायची. आठ दिवस बरं वाटायचं, की पुन्हा सुरू. ऐकू कमी यायचं त्याचं मला एवढं काही नव्हतं. वासाची लाज वाटायची. शाळेत माझ्या डाव्या बाजूला मुली बसत नसत.

लग्न होऊन कोलाडजवळच्या खांब गावी आले ती कानात कापूस घालून, वर पदर घेऊन. जेवायला मी सगळ्यांच्या मागून बसायची. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. उशीचा अभ्रा मात्र लपवता येत नसे. तो रोज सकाळी धुऊन परसात वाळत घालायचा.

एकदा भात झोडताना चक्कर येऊन पडले. पेणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नुसतं पडद्याला भोक नाही, आतलं हाड सडत चाललंय. ऑपरेशन टाळू नका." नवऱ्याने कंपनीत रजा टाकली. डॉक्टरांनी सडलेलं हाड साफ केलं आणि कानामागचाच पातळ पापुद्रा काढून नवा पडदा बसवला.

घरी आले तेव्हा डोक्याला पट्टी, आणि कानातून जाणारी चवीची नस दुखावल्याने जिभेच्या डाव्या बाजूला चवच नाही. आमटीत मीठ किती झालं ते कळेना. दोन दिवस सगळ्यांनी खारट आमटी मुकाट्याने खाल्ली. तिसऱ्या दिवशी धाकटी जाऊ म्हणाली, "वयनी, तुम्ही फोडणी घाला, मिठाचं मी बघते." चव परतायला चार महिने लागले.

त्याआधीच ऐकण्याची तपासणी झाली. सोबत सासूबाई होत्या. डॉक्टर म्हणाले, "कान कोरडा आहे, पडदा चांगला धरलाय. ऐकू येण्यात मात्र फारसा फरक नाही." पेणच्या रामवाडी स्टँडवर एसटीची वाट बघताना मला रडू आलं.

"एवढं करून बहिरी ती बहिरीच," मी म्हणाले.

सासूबाई उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. "गो, अभ्रा शेवटचा कधी धुतलास?"

मला आठवेना.

"महिना झाला, दोरीवर नाय बघितला मी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतलं केळं सोलून माझ्या हातात दिलं.

त्या दिवसापासून मी जेवायला पंगतीत बसू लागले. कापूस आता फक्त आंघोळीपुरता, व्हॅसलीन लावून. मग कोलाडला हायवेवरच्या एका खानावळीत भाकऱ्या करायला बाई हवी असल्याचं कळलं. वाहत्या कानाने लोकांच्या अन्नापाशी उभं राहायची माझी हिंमत झाली नसती. आता गेले. पहिल्याच दिवशी मालकीणबाईंना सांगून टाकलं, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाय. काय सांगायचं ते उजवीकडून सांगा."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि चूल दाखवायला मला आत घेऊन गेल्या.